पायाच्या अंगठ्याला दोरी

बिगरीत आम्ही पाटीवर नाही, धुळीवर लिहीत होतो. बाई लाकडी फळीवर चाळलेली माती पसरत आणि आमचं बोट धरून तिच्यावर फिरवत. ग आला की माती सारखी करायची आणि म काढायचा. चुकलं तरी हात फिरवला की कुणाला दिसत नसे, म्हणून ती धूळपाटी मला फार आवडायची. अक्षर वळलं की त्याच्यावर चिंचोके मांडायचे आणि कंटाळा आला की मातीचे बैल करायचे. हे चाळीस सालानंतरचं, काष्टीजवळच्या आमच्या खेड्यातलं.

मला शाळेची हौस दांडगी. पण आईची अट होती. "पोरगं काखंला घिऊन जायाचं आसंल तर जा, न्हाईतर घरीच ऱ्हा. म्या रानात त्याला कुठं घिऊन हिंडू?" पोरगं म्हणजे माझा भाऊ, अजून दात न आलेला आणि चांगलाच वजनदार. शाळेपर्यंत जाईस्तोवर माझी कंबर वाकडी व्हायची आणि हा वरून माझी वेणी ओढायचा. तेव्हा मला तो मुळीच आवडत नसे.

हेडगुरुजींनी पहिल्याच दिवशी मला दारातून हाकललं. "ही शाळा आहे का बाळंतिणीची खोली?" मी घरी गेले नाही. ओट्यावर बसून भोकाड पसरलं, भाऊही साथीला होताच. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. त्या नगरहून बदलून आलेल्या, अंगाने काटकुळ्या, बोलायला कडक. त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आपलं जुनं लुगडं आणून वर्गाच्या मागच्या तुळईला झोळी बांधली, भावाला तीत टाकलं आणि झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात अडकवली.

"हात अक्षराला, पाय भावाला," त्या म्हणाल्या. "रडायचं बंद."

मग काय, एकीचं बघून दुसरी. ज्या पोरी धाकट्यांपायी घरी अडकल्या होत्या, त्याही येऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी तर आया माळव्याच्या पाट्या डोक्यावर घेऊन भाजी विकायला काष्टीला जात आणि आमच्या वर्गात मागे झोळ्यांची रांग लागे. हेडगुरुजी आतल्या आत धुसफुसत. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना सगळे दिपोटी म्हणत आणि गुरुजी त्यांना वाघासारखे भीत. त्यांनी बाईंना बजावलं, "दिपोटीसाहेबांच्या दृष्टीला एक जरी तान्हं पडलं, तर या पोरींची नावं काढून टाकीन."

आणि साहेब नेमके बाजाराच्या दिवशी उगवले.

तान्ही सगळी झोपलेली होती, तेवढाच काय तो आधार. गुरुजींनी दारातूनच ओठांवर बोट ठेवलं. आम्ही चिडीचूप. साहेब करकरणारे बूट वाजवत आत आले आणि वाकून एकेकीची धूळपाटी बघू लागले.

त्या शांततेनंच घात केला. आमच्या वर्गात दिवसभर ग म भ न चा गलका चाले आणि पोरं त्या गलक्यावर झोपायला सरावली होती. तो थांबला तसा माझाच भाऊ पहिल्यांदा जागा झाला. त्यानं असा टाहो फोडला की मागोमाग साऱ्या झोळ्या रडायला लागल्या.

गुरुजींचं तोंड पांढरंफटक पडलं. मला वाटलं, संपली शाळा. उद्यापासून मी आणि चूल. धूळपाटीवरचा माझा भ डोळ्यांतल्या पाण्यानं भिजला.

बाईंनी साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. त्या आम्हाला म्हणाल्या, "म्हणा गं."

"ग गणपतीचा! म मक्याचा! भ भाकरीचा! न नथीचा!" आम्ही जीव तोडून ओरडत होतो आणि खाली अंगठे दोऱ्या ओढत होते. भाकरीवर आम्ही सगळ्याच जोर देत असू. थोड्या वेळात रडण्याचे हुंदके झाले, मग तेही विरले. झोळ्या नुसत्या हलत राहिल्या.

साहेब तिथंच उभे होते. मला म्हणाले, "हा कोण तुझा?"

"भाव हाय माजा."

"रोज आणतेस?"

"व्हय."

"आणत जा."

मग ते खाली वाकले, बूट काढून हातात घेतले आणि आवाज न करता बाहेर गेले. गुरुजी त्यांच्यामागून चवड्यांवर चालत गेले. नाव कुणाचंच निघालं नाही. ज्याच्यापायी माझी शाळा बुडायची होती, त्यानंच झोपून ती वाचवली.

पुढे तो स्वतः बिगरीत आला तेव्हा मात्र पंचाईत झाली. वर्गानं ग म्हणायला सुरुवात केली की हा पेंगायला लागे. बाई म्हणायच्या, "झोपू दे. त्याची बिगरी आधीच झालीय."

मी शिकले, शाळामास्तरीण झाले, आता म्हातारी झाले. मध्यंतरी भाऊ नगरच्या दवाखान्यात होता. दुखण्यानं त्याला झोप म्हणून येत नव्हती. एका दुपारी मी उशाशी बसले होते, खोलीत चिटपाखरू नव्हतं. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी हळूच सुरू केलं, "ग गणपतीचा..."

डोळे न उघडता तो म्हणाला, "आक्का, दोरी वढ की."

त्याला ते आठवणं शक्यच नव्हतं. घरात ऐकून ऐकूनच ठाऊक होतं. तरी मी चपलेतून पाय बाहेर काढला आणि अंगठा हलवत राहिले. भाकरीपर्यंत पोचायच्या आत त्याचा डोळा लागला.