आनंदाबाईच्या पुढे गेलेली पावलं

आनंदाबाई आमच्या गावची सुईण. गिरडच्या अलीकडच्या आमच्या त्या लहानशा गावातलं जवळपास प्रत्येक पोर तिच्याच हातात जन्मलेलं. एक्क्याऐंशी साली, दिवाळी झाल्यावर, गिरडच्या टेकडीवरून उतरताना ती पडली आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीचा चुरा झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन करून डॉक्टरांनी वाटीच काढून टाकली. मग महिनाभर प्लास्टर. ते कापलं तेव्हा आतला पाय तुऱ्हाटीसारखा वाळला होता आणि वाकायचं नाव घेईना.

"मांडी आवळायची, पाय सरळ उचलायचा, खाटेच्या काठावर बसून हळूहळू वाकवायचा," डॉक्टर म्हणाले. "आणि रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त चालायचं."

घरी पहिले चार दिवस ती कुबड्यांवर अंगणातल्या निंबापर्यंत जायची आणि घामाघूम होऊन परतायची. दुखरा पाय उचलतच नसे. धुळीत मागे रेघ ओढत यायचा. पाचव्या दिवशी सकाळी सून रुखमा अंगण झाडायला गेली आणि झाडू हातात तसाच धरून घरात आली.

"आत्याबाई, तुमी इहिरीपर्यंत गेलत्या का?"

"मी? निंबाच्या पुढं गेलीच नाई मी."

दोघींनी पाहिलं. कुबड्यांचे दोन गोल ठसे, एक पाऊल, शेजारी ओढलेल्या पायाची रेघ. थेट विहिरीपर्यंत. जातानाचे ठसे होते, येतानाचे नव्हते.

"झोपीत चालल्या असान," रुखमा म्हणाली. पण संध्याकाळी तिनं दोन्ही कुबड्या सुंभानं खांबाला करकचून बांधल्या. सकाळी गाठ जशीच्या तशी होती. ठसे मात्र विहीर ओलांडून शेजारच्या महादेवरावांच्या गोठ्यापर्यंत गेले होते.

आनंदाबाईनं कुबड्या सोडवून घेतल्या.

"काऊन, कुठं निघाल्या?"

"पाहतो कुठं नेते ते."

ती ठशांवर कुबडी ठेवत चालू लागली. अंतर अगदी तिच्याच चालीचं. नवल म्हणजे, त्या ठशांवरून चालताना गुडघा कमी दुखायचा. त्यांच्याबाहेर पाऊल पडलं की कळ थेट डोक्यात जायची. मग रोज सकाळी तसंच. ठसे वीस-पंचवीस पावलं पुढे गेलेले, आणि आनंदाबाई त्यांच्या मागे.

नवव्या दिवशी ठसे खालच्या गल्लीत वळले. आनंदाबाई कोपऱ्यावरच थांबली. नऊ वर्षांत ती या गल्लीत आली नव्हती. गल्लीच्या टोकाला भागीरथाचं घर होतं. भागीरथा अडली तेव्हा तिच्या माणसानं तीनदा निरोप पाठवला होता. आनंदाबाई दुसरं बाळंतपण उरकून आलेली, थकलेली. "येतो थोड्या वेळानं," म्हणाली आणि तिचा डोळा लागला. ती पोहोचली तेव्हा आई आणि लेकरू दोघंही गेली होती. भागीरथाचा माणूस गाव सोडून गेला. घराला तेव्हापासून कुलूप.

मग ती ठशांवरून पुढे निघाली. ठसे त्या उंबऱ्याशी संपले.

आनंदाबाईनं कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि ती उंबऱ्यावर बसली. बसल्यावरच तिच्या लक्षात आलं, गुडघा काटकोनात वाकला होता.

"भागीरथा, आली वं मी," ती म्हणाली. "लई उशीर केला."

गंजलेलं कुलूप लावलेल्या दाराआड, जमिनीला हात टेकून कुणीतरी सावकाश उठावं, तसा आवाज झाला. तिनं तो ऐकला. तिच्या मागोमाग येऊन जरा अंतरावर उभ्या राहिलेल्या रुखमानंही ऐकला. रुखमानंच हे पुढे मला सांगितलं. आनंदाबाई कधी बोलली नाही.

दुसऱ्या सकाळी अंगणात नुसती धूळ होती. तरी ती चालत राहिली. संक्रांतीला एक कुबडी सुटली, होळीला दुसरी. तपासणीत डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि विचारलं, "इतका छान व्यायाम कोणी करून घेतला?"

"गावातली एक बाई होती," ती म्हणाली.

पुढे सात वर्षं तिनं बाळंतपणं केली. थोडी लंगडत चालायची. बोलावणं आलं की पुढ्यातलं ताट तसंच सरकवून उठायची, आणि निरोप्याच्याही पुढे निघायची.