बाबा माझ्या घरी पाणी प्यायले नाहीत

बाबा रिटायर झाले आणि दोनच महिन्यांत इंग्लंडात लीड्सला माझ्याकडे आले. मी तिथे तुरीवरच्या मर रोगावर पीएचडी करत होते. ज्या देशात तूर पिकत नाही तिथे तुरीच्या रोगाचा अभ्यास चालतो, हे त्यांना कधीच पटलं नाही. "पेशंट हितं अन् डॉक्टर तिकडं," असं ते लातूरहून फोनवर म्हणायचे.

सोबत आईने दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एक पोचे पडलेली स्टीलची बाटली होती. ही बाटली नोकरीभर त्यांच्या सायकलला लटकलेली मी पाहिली होती. आल्याआल्या त्यांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि लगेच बंद केला.

"कवा बी येतं?"

"कधीही येतं, बाबा."

"मंग ही दोन भगुणी भरून कशाला ठेवलीस?"

तीन वर्षं झाली तरी मी सवयीने पाणी भरून ठेवत होते, आणि ते माझं मलाच कळलं नव्हतं. बाबा पोट धरून हसले. त्या उन्हाळ्यात लातूरच्या आमच्या गल्लीत आठ-आठ दिवसांनी टँकर येत होता, तरी हसले.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा झाला तेव्हा बाबा हातपंप दुरुस्तीच्या कामावर लागले. जिल्हा नवा, ऑफिस भाड्याचं, बसायला खुर्च्या नाहीत, पण बंद पडलेले हापसे मात्र भरपूर. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत हट्टाने त्यांच्यासोबत गेले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या पुढे एक गाव होतं. बाबा आणि त्यांचे दोन जोडीदार लोखंडी पाने लावून एकेक पाइप वर ओढत होते आणि सगळं गाव रिकाम्या घागरी घेऊन सावलीला बसलं होतं. एका म्हातारीने कुठून तरी लांबून आणलेलं तांब्याभर पाणी बाबांपुढे धरलं. बाबा म्हणाले, "हापसा चालू होऊ द्या, माय. मग पिऊ." मी मात्र घटाघटा प्यायले. उन्हं कलायला लागली तेव्हा हापशातून आधी गाळ आला, मग गढूळ, मग नितळ. बाबांनी ओंजळ लावली. पहिलं पाणी ते प्यायले आणि मग गावाने घागरी लावल्या.

हा त्यांचा नियम होता. काम होईपर्यंत त्या गावचं पाणी नाही. मला तेव्हा तो नुसता हेकटपणा वाटायचा. मोठी झाल्यावर त्यातलं उरलेलं कळलं. आम्ही बौद्ध. काही गावांत बाबांना पाणी विचारायला लोक कचरत, आणि विचारलंच तर बाजूला ठेवलेलं भांडं काढत. बाबांनी ती वेळच येऊ दिली नाही. ज्यांनी तांब्या धरला त्यांना आणि ज्यांनी नाही धरला त्यांना, सगळ्यांना एकच नियम. आणि दोन्हीकडे पहिली ओंजळ त्यांची. याबद्दल ते घरी एक शब्द बोलले नाहीत. या माणसाचा मला फार अभिमान वाटतो, आणि हे त्यांच्या तोंडावर मी अजून बोललेले नाही.

तर अशा माणसाशी मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. त्यांचं तिकीट काढल्यानंतर माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण नापास होऊन परत आलं. बाबा परत गेल्यावर नवव्या दिवशी ते पुन्हा लिहून द्यायचं होतं, नाहीतर माझं नाव कमी होणार होतं. मी ठरवलं, बाबांचे दहा दिवस खराब करायचे नाहीत. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. रेल्वेने तास-सव्वा तासावर समुद्र होता. त्यांना तिकडे न्यायचं, हसतखेळत परत पाठवायचं आणि मग आपलं आपण रडायचं.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तुझी काम करायची जागा दाखव. कॉरिडॉरमध्ये माझे गाइड भेटले. त्यांनी बाबांशी हात मिळवला, माझ्याकडे वळून दोन वाक्यं बोलले आणि गेले. बसमध्ये बाबांनी विचारलं, "साहेब काय म्हणला?"

"कौतुक केलं माझं."

"कौतुक करताना मानूस घड्याळाकडं बघत न्हाई, बेटा."

मी सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, त्यांनी धीरही दिला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "समुंदर कुठं पळून चाललाय? तू बस लिहायला."

मी टेबलापाशी बसले. ते सकाळी माझ्यासोबत डिपार्टमेंटला यायचे, दारातल्या बाकावर बसायचे, दुपारी घरी जाऊन खिचडी टाकायचे. मी चिडचिड करायचे. पाहुण्याने स्वयंपाक करायचा आणि यजमानाने आकडे जुळवत बसायचं, ही कसली खातिरदारी? ते म्हणायचे, "तू आकडे बघ. कुकर मी बघायलोय."

सातव्या दिवशी मी खालच्या दुकानात मीठ आणायला गेले. दुकानदार लाहोरकडचे, वयस्क. बाबांच्या निजामी उर्दूवर ते भाळले होते. पैसे घेताना त्यांनी हळूच विचारलं, "बेटी, घर का नल बंद है क्या? आपके अब्बा रोज़ खाना खाके पानी पीने यहीं आते हैं."

मी मीठ तिथेच विसरले. वर येऊन भांड्याच्या रॅकवरचा त्यांचा ग्लास पाहिला. कोरडा. आठवून पाहिलं, तर बसमधल्या त्या दिवसापासून माझ्या घरचा चहासुद्धा त्यांनी "मग घेऊ" म्हणत टाळला होता. मी तणतणले. "बाबा, हे काय मुरुडच्या पुढचं गाव आहे? मी तुमची लेक आहे."

"मग लेकीला येगळा नियम लावू?"

"माझा हापसा दहा दिवसांत चालू नाही होणार."

"न्हाई झाला तर न्हाई. मी कुठं घाई करायलोय?"

त्यानंतर मी जशी लिहायला बसले तशी त्या तीन वर्षांत बसले नव्हते. तरी प्रकरण त्यांच्या जाण्यापर्यंत झालं नाही. निघायच्या सकाळी त्यांनी स्टीलची बाटली माझ्या नळाखाली धरली, काठोकाठ भरली, झाकण घट्ट फिरवलं आणि कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवली. मला हसू आलं आणि लाजही वाटली. लातूरचे हाल इतके झालेत का, की माणूस विलायतेहून पाणी घेऊन जातोय?

ते गेल्यावर नवव्या दिवशी प्रकरण दिलं आणि लगेच फोन केला. बाबा म्हणाले, "पास केलं का?"

"आत्ता तर दिलंय."

"पाइप टाकला म्हंजे पानी आलं असं न्हाई," म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई करवादली होती. घरात प्यायला थेंब नाही, टँकरची वाट बघून डोळे दुखायलेत, आणि हे कपाटावर भरलेली बाटली ठेवून बसलेत, कुणाला हात लावू देत नाहीत. "तुझ्या तिकडचं पानी म्हनं. काय देवाचं तीर्थ हाय का ते?"

तेव्हा मला ती बाटली कळली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रकरण मंजूर झालं होतं. मी स्वयंपाकघरात नळासमोर उभी राहूनच फोन लावला आणि एका श्वासात सांगितलं. बाबा म्हणाले, "थांब." कपाटावरून काही काढल्याचा आवाज आला, मग घट्ट झाकण फिरल्याचा, आणि मग घोट. एक, दोन, तीन. मी इकडे मोजत होते.

मागून आईचा आवाज आला, "आता समदं पिऊ नका. मला बी ठेवा घोटभर."