ऊब गिळल्याशिवाय कळत नाही

चाकणजवळच्या एका बिअरच्या कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा आईनं गॅस बंद केला, माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ घे. एक थेंबसुद्धा घशाखाली जाणार नाही." मी घेतली. न घेऊन करते काय? आधीची डेअरी बंद पडून सात महिने झाले होते. संत तुकाराम नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत कमावणारी मी एकटी, आणि जिथं जावं तिथं "कळवतो" एवढंच ऐकायला मिळत होतं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तशातली गत.

तिला तरी दोष कसा द्यायचा? माझे वडील दारूनं गेले. पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होते. हातात कसब असं की वरचे साहेब बोलवायला यायचे, आणि संध्याकाळ झाली की तोच हात ग्लास धरताना थरथरायचा. शेवटचे दिवस आईनं दवाखान्याच्या बाकावर काढले. मला त्यांचा इतका संताप होता की रडायचंसुद्धा राहून गेलं. एक माणूस बायको, पोरगी, नोकरी सगळं समोर दिसत असताना बाटली उचलतो म्हणजे काय? मला ते कधी कळलं नाही आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

तर कारखाना. माझं काम लॅबमधलं. सकाळी टाक्यांतले नमुने आणायचे, त्यातलं अल्कोहोल मोजायचं, वहीत लिहायचं. अकरा वाजता चाखणी. आम्ही पाच जण. मध्ये प्लायवूडचे आडोसे, म्हणजे एकमेकांची तोंडं दिसू नयेत. प्रत्येकापुढे चार ग्लास, त्यांवर नुसते आकडे, सोबत पाणी आणि साधा पाव. समोरच्या कागदावर रंग, वास, चव, आणि शेवटी दोन रकाने. एक पोत, दुसरा अल्कोहोलची ऊब.

पोताच्या रकान्यात मी राणी होते. पोत म्हणजे चव नव्हे, ती वस्तू तोंडात कशी वागते ते. डेअरीत सात वर्षं दूध, ताक, श्रीखंड चाखलेलं, त्यामुळे शब्द शोधावे लागत नसत. हलकी बिअर ताकावरच्या निवळीसारखी जिभेवरून निघून जाते, जाता जाता टोकाला बारीक टोचते. गव्हाची असेल तर भाताच्या पेजेसारखी गालांना धरून बसते. काळी बिअर आटत आलेल्या दुधाइतकी जड, तिचे बुडबुडेही मऊ. एखादी बिघडलेली निघते, ती प्यायल्यावर जांभळं खाल्ल्यासारखी जीभ जाडी होते आणि दात कोरडे पडतात. आमचे मुख्य साहेब निघोज्याचे, शिकून जगभर फिरलेले पण बोली गावचीच. ते माझा कागद वाचून म्हणायचे, "मॅडम, तुमच्या जिभेला डोळं हायेत."

पण डेअरीची एक सवय असते. दूध चाखायचं आणि थुंकायचं. दिवसाला तीस-चाळीस नमुने कोण गिळणार? माझी तर ती सवय शपथेच्या कामी आली. टेबलाखाली स्टीलचं भांडं ठेवायचे आणि गुपचूप थुंकायचे. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बिअर थुंकायची नसते, कडवटपणा घशाच्या मागं कळतो आणि ऊब त्याच्याही खाली. मी "हो सर" म्हणाले आणि थुंकत राहिले.

मग उबेचा रकाना कसा भरायचे? चक्क चोरी करायचे. सकाळी अल्कोहोलचे आकडे मीच मोजलेले असत. अकरा वाजता रंग आणि दाटपणा बघितला की कोणत्या टाकीतली ते मला ओळखू यायचं. आकडा कमी असेल तर लिहायचं "ऊब नाही". जास्त असेल तर "घशातून उतरताना ऊब, छातीपर्यंत रेंगाळते". हे वाक्य मी दुसऱ्या एकाच्या जुन्या कागदावरून उचललं होतं. रेंगाळते म्हणे! मला काय माहीत ती रेंगाळते की पळते? पाच महिने निभावलं. सहावा संपला की कायम करणार होते, नाहीतर नारळ.

सहाव्या महिन्यात एके दिवशी चौथ्या ग्लासात काळी, जड बिअर होती. मी ओळखली, सगळ्यात कडक टाकीतली. तोंडात घोळवली, थुंकली, आणि ठेवणीतलं वाक्य लिहून मोकळी झाले. साहेबांनी पाचही कागद वाचले आणि बाकीच्यांना जेवायला पाठवलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, ह्या चौथ्या ग्लासातलं अल्कोहोल मी काढून टाकून गॅस परत भरला हुता. ऊब कुठनं आली?"

माझं धाबं दणाणलं. खोटं सुचेना, म्हणून सगळं खरं सांगून टाकलं. डेअरी, वडील, आईच्या गळ्याची शपथ, टेबलाखालचं भांडं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "शपथ मोडा म्हनून मी सांगनार न्हाई. पर मी उद्या ह्या कागदावर भरोसा ठिवून माल बाहीर सोडनार. लोकं तो पिऊन गाडीवर बसनार. तुमी आईला इचारा, न्हाईतर दुसरीकडं बघा. उद्या अकराला सांगा."

आईला विचारलं नाही. काय विचारणार होते? त्या रात्री छताकडे बघत मी सगळे मार्ग चाचपले, एकही उघडा निघाला नाही. पुन्हा सात महिने ते "कळवतो" ऐकण्याची ताकद माझ्यात उरलेली नव्हती. कारखान्यांच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात हजारो कंपन्या, आणि माझ्या पोटाची वाट ह्या एका घोटातून जात होती. सकाळी डबा हातात देताना आई नेहमीसारखं म्हणाली, "सांभाळून गं." मी तिच्याकडे बघितलंच नाही.

अकरा वाजता मी गिळली.

आधी घसा आक्रसला, नको म्हणाला. कडवटपणा मागच्या बाजूला चिकटून बसला. मग काही क्षण काहीच नाही. आणि मग छातीच्या मधोमध एक ऊब उमटली. चटका नव्हे, जळजळ नव्हे. थंडीत कुणी पाठीवरून शाल टाकावी तशी ती आतून सगळीकडे पसरली. कान गरम झाले. खांदे खाली आले. डेअरी बंद पडल्यापासून, खरं तर वडील गेल्यापासून, माझे खांदे वरच होते हे मला तेव्हा समजलं. मी कागदावर लिहिलं, अगदी खरं, शब्द न उचलता. आणि पेन ठेवल्यावर पहिला विचार आला तो दुसऱ्या घोटाचा. कप्पाळ माझं. नोकरी वाचली होती आणि मला रडू कोसळत होतं.

संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या आईला कळलं. अशी चुकवलेली नजर तिनं तीस वर्षं पाहिलीय. ती बाजूला झाली, मला आत येऊ दिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सगळं सांगितलं. ती चिडली नाही. पलंगाच्या कडेला बसून पदराशी चाळा करत राहिली, मग म्हणाली, "तुझं कामच आहे ना गं ते, सांगायचं. मग सांग मला. काय असतं त्यात? ह्यांना मी जन्मभर विचारलं. ते नुसते मान खाली घालायचे."

मी तिला सांगितलं. टोचणी, दाटपणा, घशातला कडवटपणा, आणि मग ती छातीतली ऊब, खाली येणारे खांदे. ती लक्ष देऊन ऐकत होती, पाककृती ऐकावी तशी.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी?"

मला हो म्हणायचं होतं. तिला ते हो हवं होतं, दोष सगळा वडिलांचा ठरून तिचे उरलेले दिवस निवांत गेले असते. पण त्या दिवशी माझ्याच्यानं खोटं बोलवेना.

"आई, ते एवढंसं नसतं गं," मी म्हणाले.

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. असं बघताना मी तिला लहानपणापासून बघत आले होते, रोज संध्याकाळी, पण तेव्हा समोर वडील असायचे.