वॉचमन सिद्रामप्पा आत गेला

लातूरच्या जुन्या करोडगिरी कचेरीला सिद्रामप्पा वॉचमन होता, अन् ह्या बाबानं कैक वर्षांत कचेरीच्या आत पाऊल टाकलं नव्हतं! हसू नका. दारसुद्धा काठीनं ढकलून उघडायचा. समोरच माझी चहाची टपरी, रोजचा तमाशा.

"अप्पा, चोर आत शिरला तर?" मी एकदा विचारलं.

"फरीदा, कधीतरी बाहेर येईलच की. मी हायच इथं!"

मूळचा किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा अंगणात बाजेवर झोपला होता अन् बायको गुरम्मा आत. दगडामातीचं माळवदी छत खाली बसलं. हा उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर आत जायला जागाच उरली नव्हती. तेव्हापासून दगडी छत दिसलं की त्याचे पाय उचलायचे नाहीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

निजामाच्या काळात मालावर जकात घेणाऱ्या त्या कचेरीचं कलाभवन झालं. चुना लागला, दिवे लागले, आत रंगमंच आला. उद्घाटनाला अप्पाची नात तनुजा गाणार होती. पोरीनं हट्ट धरला, "आज्जा, तू आत बसला तरच गाईन."

अप्पा आठवडाभर माझं डोकं खाऊन राहिला. "खिडकीतून ऐकलं तर न्हाई का चालायचं?"

"न्हाई!" मी खेकसले. "नात गाणार अन् तुम्ही भिंतीला कान लावणार? लाज वाटू द्या!"

शेवटी टपरी बंद करून मीच त्याला दंडाला धरून आत नेलं. दाराजवळच्या खुर्चीत बसला, नजर छताला. माझ्या चपला मी खुर्चीखाली सारल्या.

पडदा वर गेला. तनुजानं सूर लावला, अन् पायाखालची फरशी थरथरली. घडघड, घडघड!

"भूकंप!" कोण ओरडलं अल्ला जाणे. लातूरकराला हे दोनदा सांगावं लागत नाही. प्रमुख पाहुणे हारासकट सगळ्यांच्या पुढं. मी अनवाणीच पळाले, खोटं कशाला बोलू?

बाहेर बघते तर शेजारच्या डॉक्टरकीच्या कोचिंग क्लासची सुट्टी झालेली! कालच कचेरीच्या भिंतीला टेकवून बसवलेल्या लोखंडी जिन्यावरून शेकडो पोरं दणदण उतरून राहिलेली.

"जळो मेली तुमची डॉक्टरकी!" मी त्यांच्यावर ओरडले. मग ध्यानात आलं, अप्पा कुठाय? दाराशी बसलेला माणूस तर पहिला बाहेर हवा!

तेवढ्यात तो आतून आला. एका हातात काठी, खांद्यावर तनुजा, तिच्या हातात माईक, मागं वायर फरफटत. अख्खं लातूर दाराकडं पळालं होतं, अन् हा बाबा उलटा, रंगमंचाकडं.

"आज्जा, सोड! भूकंप न्हाई, क्लास सुटलाय!" पोरगी माईकमधूनच ओरडली. लोक पोट धरून हसले. मीही.

अप्पानं तिला कडुलिंबाखाली उतरवलं. धाप लागली होती, पण चेहरा लग्नघरातल्यासारखा.

"हसा, हसा," तो म्हणाला. "ह्या बारीला मी आत गेलो, फरीदा. अन् घेऊन आलो."

मी हसायची थांबले. डोळे पुसत मी म्हणाले, "चला आता, गाणं राहिलंय. माझ्या चपलाही आतच राहिल्यात."

"तू थांब," अप्पा म्हणाला. "मी आणतो."

अन् काठी लिंबाला टेकवून म्हातारा आत गेला.