बरगडी लागली पाहिजे

आज सकाळी माझे सासरे गेले, आणि रडू येण्याआधी मला लाज वाटली.

कशाची, ते सांगते. पण त्यासाठी आधी एका कुत्रीबद्दल सांगावं लागेल. आजच्या दिवशी कुत्रीचं काय, असं म्हणू नका. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, म्हटलं नसतं.

मामाजी दर्यापूरकडचे शेतकरी. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे अमरावतीला राहायला आले.

दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत म्हणे मामाजींच्या खापरपणजोबांनी बैलांची शिंगं चांदीने मढवली होती. चांदी कधीच गेली. पण आपल्या घरच्या जनावराचं हाड दिसता कामा नये, हा तोरा मात्र राहिला.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की गावातले लोक मामाजींना बोलवायचे. मामाजी बैलाच्या पाठीवर पंजा ठेवायचे, थोडं दाबायचे, आणि निकाल द्यायचे.

"भरला हाये."

किंवा, "उतरला हाये, बाप्पा. काय खाऊ घालून राहिला याले?"

ज्याचा बैल उतरला, तो दिवसभर तोंड चुकवत फिरायचा.

तोच पंजा आमच्या शेवंतीच्या पाठीवर पडला. शेवंती म्हणजे आमची लॅब्रेडॉर.

अकोल्याच्या डॉग शोमध्ये तिचं नाव दिलं आणि तयारी मामाजींनी अंगावर घेतली. व्हेटने वजन कमी करा म्हणून सांगितलं होतं. मी तसं बोलून पाहिलं.

"सूनबाई, चार लोकांत नेऊन राहिलो आपण तिले. अशी उपाशावानी नेऊ काय?"

मग काय विचारता! भाकरीवर तूप, वर अंडं, आणि नंतर शिरा. शेवंती खूश, मामाजी डबल खूश.

शोच्या दिवशी कडक इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, हातात पट्टा. मामाजी स्वतः तिला घेऊन रिंगमध्ये उतरले.

जज बाईंनी शेवंतीच्या दोन्ही कुशींवर हात ठेवले. बोटं फिरवली. परत फिरवली.

"बाबा, इथे बोटांना बरगडी लागली पाहिजे. दिसू नये, पण हाताला लागावी. वरून पाहिलं तर कंबर दिसावी. हिचं वजन फार झालंय हो, पाय जातील हिचे."

बाई हळू बोलल्या होत्या. पण शेजारी उभ्या असलेल्या माइकवाल्याने ऐकलं.

"मंडळी, ही लॅब्रेडॉर हाये का कापसाची गाठ?"

सगळा मंडप हसला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि गाडीत जाऊन बसावं.

मामाजींनी टोपी सारखी केली. म्हणाले, "मॅडम, परत एकदा दाखवा. हात कुठं लावाचा?"

येताना बडनेऱ्यापर्यंत मामाजी तिच्या कुशीवर बोटं फिरवत होते. मग एकदम म्हणाले, "लाड समजून तरास देऊन राहिलो होतो वो मी तिले."

दुसऱ्या दिवसापासून तूप बंद, शिरा बंद. सकाळ-संध्याकाळ फिरणं. शेवंती रुसली, मामाजींकडे पाठ करून बसायला लागली. फिरून आलं की मामाजी तिच्या कुशीवर बोटं फिरवायचे आणि मान हलवायचे. कितीतरी महिने हेच.

आणि एक दिवस अंगणातून आरोळी, "सूनबाई! लागली! बरगडी लागली!"

पोळ्याला तिला घेऊन आम्ही गावी गेलो. लोकांनी शेवंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

एक काकू मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "शहरातली सून हाये. कुत्रीले पोटभर देत नाई, तं सासऱ्याले काय देत असंन?"

मी ओढणी सावरत जमिनीकडे बघत राहिले.

मामाजी तोरणाखाली होते. तिथूनच ओरडले, "सुनेले काहून बोलता? म्या उतरवली तिले! आंधी म्याच खाऊ घालू घालू बिघडवली होती. चूक माही हाये."

भर पोळ्यात. जिथे त्यांचा शब्द अख्खं गाव मानायचं, तिथे.

मग दोघातिघांचे हात धरून शेवंतीच्या कुशीवर ठेवले. "पाहा, असं लागलं पाह्यजे." लोक हसले. मामाजींनी हसू दिलं.

शेवंती म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत होती.

मग मामाजींचं दुखणं आलं. घास गिळता येईना. डॉक्टर म्हणाले, जबरदस्ती करू नका, ठसका लागून जीव जाईल. मामाजी दोन चमच्यांनंतर हात जोडायचे. "बस, सूनबाई."

मी वाटी खाली ठेवायची, आणि मोरीत जाऊन रडायची.

आज त्यांना आंघोळ घालून अंगणात ठेवलं. अंगावरचं कापड जरा सरकलं. एकेक बरगडी मोजून घ्यावी अशी दिसत होती.

गावाकडच्या बायांपैकी कुणीतरी म्हणालं, "किती उतरले वो!"

मी लगेच पुढे झाले आणि शाल त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली.

सगळ्यांना वाटलं, मायेने ओढली. नाही. सुनेने उपाशी ठेवलं म्हणतील, म्हणून ओढली.

माझ्यासाठी भर पोळ्यात मान खाली घालणारा माणूस. आणि त्याच्याच अंगाची मला लाज वाटली. गाडी येईपर्यंत ती शाल मी हाताने दाबून धरली होती.

तिथे बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलं नाही. तुमच्यापैकी बरेच जण त्या अंगणात होते, म्हणून इथे लिहिते.

मामाजींना अन्न जात नव्हतं. मी भरवत होते. ते नको म्हणाले की मी थांबत होते.

मामाजी, पाया पडते. शाल तेवढी माफ करा.