म्हशीच्या ओळखीचं लुगडं

मला शिवणकाम येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्या सुनांचा असा समज आहे की जुन्या काळच्या बायका हातात सुई घेऊनच जन्माला यायच्या. माझ्या हातात सुई आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या एका सुईनं मी एक मुंडासं, एक तांब्या आणि एक म्हैस एवढ्यांची वाट लावली.

तेव्हा कोल्हापुरात महाराजांचं राज्य होतं. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. घरात माणसं तीन: मी, माझे वडील म्हणजे आबा, आणि आबांची थोरली बहीण, माझी आत्ती. आई मला आठवतही नाही. आबा दरबारच्या पागेत घोड्यांच्या वैरणीचं बघायचे. पागेत त्यांचा आवाज म्हणे फार मोठा होता, पण घराचा उंबरा ओलांडला की तो खाली बसायचा, कारण घर आत्ती चालवायची. मागच्या गोठ्यात एक म्हैस होती. तिचं दूध पेठेतल्या सात-आठ घरांना जायचं, आणि त्यावर आत्तीचा फार तोरा होता.

मी पोरींच्या शाळेत जायचे. शाळेला फी नव्हती, त्यामुळे आत्तीला अडवायला काही कारण नव्हतं, पण कारण नाही म्हणून गप्प बसेल ती आत्ती कसली! "फुकाट हाय म्हून इख खायाचं व्हय?" असं ती दिवसातून एकदा तरी आबांना ऐकवायची. मला मात्र शाळा जिवापाड आवडायची. अभ्यासात मी फार हुशार होते असं नाही. पण त्या एका जागी मला कुणी "शेण उचल" म्हणत नव्हतं, आणि पाटीवर अक्षर चांगलं आलं की बाई माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. तेवढ्यासाठी मी उन्हातान्हात पळत जायचे.

त्या वर्षी बाईंनी शिवण आणि कशिदा सुरू केला. घरातले जुने कपडे आणायचे, त्यांतून नव्या वस्तू करायच्या, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांची कामं शाळेत मांडायची. मी घरी येऊन हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आत्ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला.

"बरं झालं," ती म्हणाली. "दिवाळीपतोर घरात कामाला येईल असं एक काय तरी शिवून दाव. जमलं तर शाळा. न्हाई जमलं तर दिवाळीपास्नं घरात बसायचं आनि गोठा बघायचा. काय रं, बरोबर हाय का न्हाई?"

हा शेवटचा प्रश्न आबांना होता. आबांनी भाकरीचा घास मोठा केला आणि तोंड भरलेलं असल्याचं दाखवलं.

मी आबांचं जुनं मुंडासं घेतलं आणि त्याची पिशवी शिवली. बाहेरून बघायला पिशवी झकास होती. आत्ती ती घेऊन रविवारच्या बाजाराला गेली. मीही मागं होते. येताना भर रस्त्यात पिशवीचं बूड सुटलं आणि कांदे उतारानं निघाले. आत्ती कांद्यांमागं, मी आत्तीमागं, आणि तालमीतले दोन पैलवान दारात उभे राहून कुठला कांदा पुढं जातो ते ओरडून सांगत होते. पिशवीचे बंद मात्र शेवटपर्यंत आत्तीच्या हातात शाबूत राहिले. बूड शिवताना मी एकेरी दोरा घातला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही आणि आता सांगायला ती नाही.

मग मी आबांच्या जुन्या लोकरी कोटाची बाही कापून तांब्याला झबलं केलं. ओलं केलं की पाणी गार राहील असा माझा विचार. ते ओलं झालं, वाळलं आणि असं आवळलं की तांब्या त्यातून निघेना. आबांनी ओढला, आत्तीनं ओढला. शेवटी आमच्या शेजारचे दर्जीचाचा आले. पेठेतल्या निम्म्या लोकांचे सदरे तेच शिवायचे, आणि त्यांच्याकडून मी दोरे आणि कात्री मागून आणत असे. त्यांनी ते झबलं कात्रीनं सोडवलं, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बेटा, कापडाला विचारून कापत जा. तुझं सगळं जबरदस्तीचं काम हाय."

दिवाळी आता तोंडावर आली होती. तेवढ्यात बाईंनी एक नमुना आणला. दोन हिरवे पोपट समोरासमोर, आणि मध्ये इंग्रजी अक्षरांत 'वेलकम'. असं काम दारावर लावायचं, म्हणजे येणाऱ्याला आपण 'या' म्हटल्यासारखं होतं, असं बाई म्हणाल्या. मी त्या पोपटांवर जीव टाकला. हे दारावर लागलं की आत्तीसुद्धा विरघळेल असं मला वाटलं. आता प्रश्न कापडाचा होता, आणि मुंडासं व कोट गेल्यापासून आत्तीनं ट्रंकेला कुलूप घातलं होतं.

गोठ्यातल्या खुंटीवर एक लुगडं लोंबत होतं. एके काळी ते हिरवं इरकली असावं. आता त्याला रंग नव्हता आणि काठ कुठं संपतो ते कळत नव्हतं. आत्ती ते धारेच्या वेळी नेसायची. पण म्हैस आटून दोन-अडीच महिने झाले होते, ती गाभण होती आणि लुगड्याला कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं, हे आता टाकूनच दिलंय. कापडाला विचारायची गोष्ट माझ्या ध्यानातच राहिली नाही.

मी ते उभं-आडवं कापलं. एका तुकड्यावर कशिदा सुरू केला, मोठ्या तुकड्याचा स्वतःला परकर शिवला, उरलेल्या चिंध्या पोपटांची पोटं फुगवायला वापरल्या. बाईंनी सांगितलं होतं की कापड धुऊन आणा. मी आळस केला. बाईंनी तुकडा नाकाशी नेला आणि लांब धरला. "हा गं कसला वास?" त्यांनी विचारलं. "जुना आहे ना," मी म्हटलं.

कशिदा पुरा झाला, शाळेच्या भिंतीवर लागला, आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे म्हैस व्याली.

म्हैस व्याली की पहिले दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना चीक द्यायचा, ही आमच्याकडची रीत. उजाडायच्या आत सात घरची माणसं भांडी घेऊन मागच्या परड्यात उभी होती. दर्जीचाचाही होते. आत्ती चरवी घेऊन गोठ्यात शिरली आणि लगेच बाहेर आली.

"माजं लुगडं कुटं हाय?"

 मी रिकामं भांडं पुसायला घेतलं. आत्तीनं गव्हाण बघितली, वैरणीखाली बघितलं, आबांच्या पाठीमागंसुद्धा बघितलं. मग अंगावरच्याच लुगड्यानं म्हशीजवळ बसली. म्हशीनं मान वळवून वास घेतला आणि अशी लाथ घातली की चरवी आबांच्या पायाशी येऊन पडली. आत्तीनं गोंजारलं, नावं ठेवली, पेंड चारली. म्हैस रेडकाला पाजायची आणि आत्तीचा हात लागला की पान्हा चोरायची. आबा म्हणाले, "आक्का, थांब, पागेत असली ढीग जनावरं बघतो मी." ते बसले. ते उठले ते थेट शेणातून.

मी चरवी उचलायला पुढं झाले. माझ्या अंगात तोच परकर होता. म्हशीनं नाक पुढं केलं, परकर हुंगला, मग मोठ्यानं हंबरली आणि मला परकरासकट चाटायला लागली. आणि तिच्या सडांतून आपोआप थेंब गळायला लागले.

"बस, बस खाली!" आत्ती ओरडली. मी बसले. कासेला हात लावला. सुट्टीत आत्तीला चिकटून बसून गंमत म्हणून शिकलेली धार तेव्हा कामाला आली. चरवी भरत होती आणि परड्यातली सगळी माणसं माझ्या परकराकडं बघत होती. आत्तीनं वाकून परकराचा काठ बोटांत धरला. तिनं तो कितीतरी वेळ सोडला नाही.

"कापलंस व्हय गं?" ती एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. आठ वर्षं ती म्हैस त्या एका लुगड्याला ओळखत होती, आणि पेठेतला दुधाचा सगळा तोरा त्या लुगड्यावर उभा होता, हे मला तेव्हा कळलं.

आत्तीनं माझा परकर नेसून बघितला. तो गुडघ्याशी थांबला आणि कमरेला मिळेना. आत्तीला त्या वेषात बघून आबांना हसू आलं, ते त्यांनी खोकला म्हणून खपवलं. मग ठरलं ते ठरलंच. सकाळची धार मी काढायची, दूध घरोघर मी घालायचं, संध्याकाळची धार मी काढायची. शाळा भरायची त्या वेळेला मी शेणानं भरलेली असायचे. दिवाळीची वाटसुद्धा बघावी लागली नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मी गव्हाणीशी बसून रडायचे, आणि म्हैस प्रेमानं माझा परकर चाटायची, त्यानं तर मला जास्तच रडू यायचं.

पाचव्या दिवशी दूध पोचायला उशीर झाला म्हणून दर्जीचाचा स्वतःच न्यायला आले. माझे डोळे बघून ते उंबऱ्यावर टेकले.

"चाचा, तुम्ही तरी शिवून द्या की परत," मी म्हटलं.

"मी न्हाई," ते म्हणाले. "तू कापलंस, तूच जोड. फाटक्या लुगड्याचे तुकडे जोडून दांड घालत न्हाईत का बायका? दुहेरी दोरा घे. आनि टीप लहान मार. आनि हे बघ, धुऊ नगंस."

मी शाळेत गेले. बाईंच्या पाया पडून भिंतीवरचं 'वेलकम' उतरवून घेतलं. परकर उसवला; धारेच्या वेळी चाचांची बायको ते उसवलेलं कापड खांद्यावर टाकून माझ्याशेजारी बसायची, मला धीर द्यायची, आणि धार मी काढायचे. पोपटांची पोटं फाडून चिंध्या काढल्या. दोन दिवस मी तुकड्याला तुकडा जोडत होते. कुठला तुकडा कुठला होता ते मला आठवत नव्हतं. दोन जागी काठ मध्येच आला आणि एका जागी नाहीच आला. पण दोरा दुहेरी होता आणि टीप लहान होती. आयुष्यात एवढं सरळ मी पुन्हा कधी शिवलं नाही.

आत्ती ते लुगडं नेसली. माझा हिशेब चुकला होता. कशिद्याचा तुकडा पदरावर आला आणि तिनं पदर घट्ट खोचला तसा तो बरोबर तिच्या पाठीवर बसला. एक पोपट खांद्यावर, एक कमरेशी, दोन्ही पोट खपाटीला गेलेले, आणि मध्ये तिरकं 'वेलकम'.

आत्ती गोठ्यात शिरली. आबा, चाचा आणि मी दारात. म्हशीनं काठ हुंगला. मग पदर हुंगला. खांद्यावरच्या पोपटाशी ती बराच वेळ थांबली. ती काय ठरवते त्यावर माझी शाळा होती. मग ती हंबरली आणि चरवीत धार वाजली.

आत्ती मान न वळवता बोलली. "उद्यापास्नं शाळंत जा. घरात ऱ्हाइलीस तर आनि काय काय कापशील, देव जाने." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "कामाचं झालंय पर."

आबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी चाचांवर आदळले.

"आनि पाठीवर काय लिवलंयस त्ये?" आत्तीनं विचारलं.

"या, असं लिहिलंय," मी म्हटलं. "येणाऱ्याला म्हणायचं असतं."

आत्तीनं दोन धारा काढल्या. "असू दे," ती म्हणाली. "मला काय त्ये तोंडानं म्हनाया जमत न्हाई."

पुढं कितीतरी वर्षं ती तेच लुगडं नेसून धार काढायची. मी संध्याकाळी शाळेतून यायचे ती परड्याच्या दारानं. आत्ती माझ्याकडं पाठ करून म्हशीजवळ बसलेली असायची आणि माझं पाऊल वाजलं की न बघताच ओरडायची, "आलीस व्हय? हातपाय धू, शेण पडलंय तितं." मी दप्तर टेकवायच्या आधी तिच्या पाठीवरचं रोज एकदा वाचून घ्यायचे.