माझाच फॉर्म डायरीत का लपवला?

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून कामतघरच्या सायबर कॅफेत बसून हे टाईप करतोय.

आम्ही पाच दोस्त बालीला चाललोय, नदीत राफ्टिंग करायला. आज अंजूरला जयवंतच्या ओटीवर जमलो. त्याने एजंटचे फॉर्म सगळ्यांसमोर ठेवले, माझा मात्र गुपचूप डायरीत सरकवला.

"माझा बघू दे ना."

"तुझा मी भरलाय. काय बघायची गरज न्हाय."

माझी सटकली. मला गाळून चौघांनीच जायचा डाव दिसतोय! जयवंत चहा आणायला आत गेला आणि मी डायरी उघडली.

'पोहता येतं का?' यापुढे बाकी सगळ्यांचं 'हो'. खाडीकाठची पोरं ना आम्ही! माझ्या फॉर्मवर जयवंतच्या अक्षरात होतं: 'नाही. याला माझ्या शेजारी बसवा.'

लहानपणी हे सगळे खाडीत उड्या मारायचे, मी काठावर कपडे राखायचो. विचारलं की म्हणायचो, सर्दी झालीय.

बारा महिने सर्दी कशी, हे जयवंतने कधीच विचारलं नाही.

डायरी होती तशी ठेवून मी चहा प्यालो. पण आता नवीन संशय. बाकीच्या तिघांनीही त्या सर्दीबद्दल कधी खोदून विचारलं नाही. त्यांनाही माहीत असेल का हो?